आईला रात्री टाळ ऐकू येतात, मदत हवी आहे

नमस्कार. आई 79 वर्षांची, अल्झायमर्स आहे. गेल्या महिन्यापासून रात्री दोन-अडीचला उठून बसते आणि म्हणते, "टाळ वाजतायत, दिंडी आली, दार उघड." कधी तिला तिच्या आईची हाक ऐकू येते, मग चपला शोधत दाराशी जाते. टाळांचं मला काही वाटत नाही, ऐकताना ती खुशीतच असते (हातानं ठेकाही धरते!). हाक आली की मात्र घाबरते.

आधी मी "अगं, कोणी नाहीये" म्हणून वाद घालायचे. ती रडायची, मला खोटारडी म्हणायची. आता "मला नाही ऐकू आलं, चल बघू" म्हणत खिडकीशी नेते. तेवढ्यानं पंधरा मिनिटं शांतता.

लघवीत इन्फेक्शन झालं तरी असं अचानक सुरू होतं म्हणून तपासणी केली, ती नॉर्मल आली. पण कान बरेच गेलेत. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं कमी ऐकू आलं की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. श्रवणयंत्र आणलं, ते ती काढून उशीखाली ठेवते.

एका नातेवाइकांनी हॅलोपेरिडॉल (भास कमी करायचं औषध) द्या म्हटलं. मी नाही दिलं. लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा आणखी एक प्रकार) असेल तर त्या औषधानं अंग ताठरतं, प्रकृती गंभीरही होऊ शकते.

तुमच्याकडे कुणी यंत्राची सवय कशी लावली? आणि रात्री दाराला कडी लावायची, तर तिला कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून काय करता?