पाय पाचचा, बूट नऊचा: गमबूट विकत घ्यायचे कुणी?

गल्लीतला गणपा (बेळगाव)
आमच्या गल्लीत पहाटे झाडायला येणाऱ्या मावशींना पावसाळ्याच्या तोंडावर गमबूट मिळाले. नऊ नंबरचे. मावशींचा पाय पाचचा. दोन दिवस त्यांनी पुढं चिंध्या कोंबून घातले. तिसऱ्या दिवशी गटारीत उतरल्या तर बूट चिखलात रुतून बसला आणि पाय तेवढा वर आला. आता ती जोडी घंटागाडीला मागं सुतळीनं बांधलेली असते. साहेब येणार म्हटलं की सुटते, साहेब गेले की परत सुतळी. मावशी स्लिपरवरच.

जरा खोदून विचारलं (कुठल्या ऑफिसात ते मुद्दाम लिहीत नाही) तर सगळं कायद्यानं झालेलं. टेंडर निघालं, दोन पाकिटं उघडली, सगळ्यात कमी दराला ऑर्डर गेली. मागणीच्या कागदावर फक्त 'गमबूट' आणि पुढं जोड्यांचा आकडा. नंबराचा रकानाच नाही.

माझं म्हणणं, बूट, हातमोजे, रेनकोट असल्या वस्तू टेंडरातून काढा. वॉर्डात कोटेशनवर (दुकानांकडून लेखी दर मागवून) घ्या, कामगारांना दुकानात बरोबर न्या. खडे बाजारात मावशी स्वतः पाय घालून बघतील की.

फाईलबंद
सरकारी हिशेब शाखेत ३० वर्षं काढलीत, म्हणून बोलतो. तीन कोटेशनं म्हणजे बहुतेक वेळा एकाच दुकानदारानं तीन लेटरहेडवर लिहिलेले तीन दर. अक्षरसुद्धा तेच! १९९९ चा केटीपीपी कायदा, म्हणजे आपल्या कर्नाटक राज्याचा सार्वजनिक खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा, हौसेनं नाही आला. त्यातही कलम ४(जी) खाली सरकार टेंडरातून सूट देऊ शकतं, आणि ती मागायला रांग असते. कोविडकाळातल्या खरेदीच्या चौकशीला २०२३ मध्ये न्या. जॉन मायकेल डिकुन्हा आयोग बसवावा लागला, हे इतक्यात विसरलात? वॉर्डावॉर्डात तुकडे पाडून खरेदी केली तर कुणी किती खाल्लं ते ऑडिटरच्या बापालाही कळणार नाही.

बुटाचा नंबर चुकला हा टेंडरचा दोष नव्हे. कागद लिहिणाऱ्याचा आहे.

गल्लीतला गणपा
अण्णा, खाणं थांबलं असं धरू. पण बूट सुतळीलाच आहे ना? ऑडिटला पावती दिसते, बूट पायात आहे का ते कोण बघतंय?

निपाणीकर
फाईलबंदना अर्धा पाठिंबा. पीव्हीसीच्या औद्योगिक बुटांना भारतीय मानक आहे, आयएस १२२५४. टेंडरात हा आकडा घातला नाही की ठेकेदार आठवड्यात तडकणारा माल आणतो आणि दरात तोच पहिला येतो. हातमोज्यांचंही तेच. काच उचलणाऱ्याला भांडी घासायचे पातळ रबरी मोजे!

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. टेंडरचे कागद कन्नडमध्ये, तांत्रिक अटी इंग्रजीत. आमच्याकडचे निम्मे मराठी सदस्य बैठकीत मान डोलावून सही करतात. नंबराचा रकाना नाही हे दिसायला आधी कागद वाचता यायला हवा. (यावर सीमाप्रश्न सुरू करू नका, धागा बुटांचा आहे.)

चप्पलवाला
दुकानदाराची बाजू ऐका. कोटेशनवर माल द्यायला आम्ही पळत येऊ असं वाटतंय का? बिल सहा-सहा महिने टेबलावर पडून असतं. एकदा दिला होता माल. बिलासाठी इतक्या चकरा मारल्या की माझ्याच बुटाचा तळ गेला. म्हणून आता पालिकेचं नाव काढलं की आम्ही दर चढवूनच सांगतो. टेंडरात तर अनामत आणि उलाढालीच्या अटीतच आम्ही बाद.

झाडूवालीचा पोर
माझी आई पौरकार्मिक, म्हणजे पालिकेची सफाई कामगार आहे. आता 'नेर पावती'वर. कन्नडमध्ये याचा अर्थ थेट पैसे देणं, म्हणजे मधे ठेकेदार न ठेवता पगार, पण आई पहिल्यांदा घरी येऊन म्हणाली, "पगाराच्या ऐवजी पावती देणार म्हणं."

कुणीतरी म्हणेलच, पैसेच हातात द्या. देऊ नका. आमच्या घरी बुटाचे पैसे आले तर ते गॅसला जातील, हे मी लिहून देतो. वस्तूच द्या, पण मापाची. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क सगळं लिहिलं होतं. 'आईच्या मापाचं' तेवढं लिहायचं राहिलं.

आणि गणपादादा, खडे बाजारात सगळं मिळत नाही. माझा मामा ड्रेनेजवर आहे. माणसाला मेनहोलात उतरवायचंच नाही हा मूळ कायदा. अगदी नाइलाजानं उतरवलं तर काय काय लागतं त्याची यादी २०१३ च्या नियमांत आहे. वायू मोजायचं यंत्र, तिकाटणं (तीन पायांचा स्टँड), कोळी लोक घालतात तसला बुटासकट सूट. ते चपलेच्या दुकानात घेणार? सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. त्या यंत्राला टेंडरच पाहिजे, तेही कडक.

गल्लीतला गणपा
हे मान्य. यंत्रांचा विचार मी केला नव्हता. बुटाचं मात्र सोडत नाही.

फाईलबंद
मग वर्षाचा दर करार करा. टेंडर एकच, त्यात पाचपासून दहापर्यंत प्रत्येक नंबराचा दर. लागतील तशा जोड्या मागवायच्या. नमुन्याची जोडी सील करून कपाटात ठेवायची आणि माल आला की तिच्याशी ताडून बघायचा. यात कायदा कुठं आडवा येतो?

खानापूरची वाट
कायदा नाही, घाट आडवा येतो. आमच्या पंचायतीत स्वच्छ वाहिनी, म्हणजे कचऱ्याची गाडी, बचत गटाच्या बायका चालवतात, मोजून चार माणसं. चार जोड्या पोचवायला कुठला ठेकेदार कणकुंबीच्या पावसात गाडी घालतोय? 'पुढच्या लॉटला देतो' म्हणतो, तोवर दिवाळी. लहान पंचायतींना कोटेशनच बरं. फाईलबंदसाहेब शहराचा हिशेब गावाला लावतायत.

फाईलबंद
चार जोड्यांना कुणी टेंडर काढा म्हणत नाही हो. मी महापालिकेबद्दल बोलतोय. आणि गणपा, ओरडण्यापेक्षा गल्लीतल्या लोकांची मापं लिहून आरोग्य निरीक्षकाकडे द्या. पोच घ्या. पुढच्या मागणीला तोच कागद जोडता येतो.

गल्लीतला गणपा
आज पहाटे घेतली. मावशी पाच, त्यांची जोडीदारीण चार, ड्रायव्हर आठ, मागं उभा राहणारा पोरगा सात.

फाईलबंद
मोजे घालून घेतली का? गमबुटात मोजा असला की अर्धा नंबर वाढतो.

झाडूवालीचा पोर
मोजे दिलेत कुणी?