शब्दचर्चा : ‘भोगवटादार’ नेमका कोणता?

विचारणा
कठडा नसलेल्या विहिरीत कोणी पडलं तर नुकसानभरपाई ‘भोगवटादारा’ने द्यायची, असं मराठी पुस्तकांत असतं. गावातला माणूस ते वाचून सरळ सातबारा काढतो. अर्थ तोच आहे का?

उत्तर
नाही भाऊ. सातबाऱ्यावरचा भोगवटादार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधला. वर्ग १ (जमीन विकायला मोकळा) आणि वर्ग २ (विकण्यावर बंधन असलेला) तिथलेच. विदर्भात त्याआधी १९५४ च्या मध्य प्रदेश संहितेतले भूमिस्वामी आणि भूमिधारी होते. ते अनुक्रमे याच दोन वर्गांत आले. हा शब्द जमिनीवरचा हक्क सांगतो.

दुखापतीच्या दाव्यातला भोगवटादार म्हणजे इंग्रजी ‘ऑक्युपायर’. तिथे विचारलं जातं की जागा त्या वेळी कोणाच्या हातात होती आणि धोका कोणाला दूर करता आला असता. इंग्लंडात यासाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही, निवाड्यांवरच चालतं. समजा वावर ठेक्याने दिलंय आणि ते करणाऱ्याने मोटरीची सोललेली वायर धुऱ्यावरून (बांधावरून) नेली, तर सातबारा कोणाच्याही नावाचा असो, आधी वायर टाकणाराच धरला जाईल. जुनी उघडी विहीर माहीत असून मालकाने सांगितली नाही, तर तोही सुटत नाही. ठेका तोंडी असला की वावर कोणाच्या हातात होतं हेच शाबित करताना दमछाक होते.

उपप्रश्न
मग ‘ताबेदार’ लिहावं का?

उत्तर
नको! ताबेदार म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातला, हुकमाचा माणूस. अर्थ उलटाच होईल. ‘कब्जेदार’ म्हटलं की बळकावल्याचा वास येतो. ‘जागा ज्याच्या ताब्यात आहे तो’ लांबलचक आहे, पण बिनचूक. घरांचं सोपं आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालक आणि भोगवटादार हे रकानेच वेगळे.

पुरवणी
‘अतिक्रमण’ही जपून वापरा. आपल्याकडे तो शब्द ऐकला की ई-क्लासवरची (सरकारी जमिनीवरची) झोपडी आठवते. बोरं वेचायला वावरात शिरलेल्या पोराला अतिक्रमणदार कसं म्हणणार? ‘विनापरवानगी आलेला’ पुरे. आणि तसा आला म्हणून त्याच्यासाठी जीवघेणा सापळा लावायची मुभा मिळत नाही.

यावरून ‘झटका’. रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइनीचा करंट सोडतात, त्यात माणूस मरतो, आणि बातमी येते ‘कुंपणाचा झटका लागून मृत्यू’. वाचणाऱ्याला वाटतं झटका मशीनने मेला. ते मशीन बॅटरीवर चालतं, सेकंदाला सुमारे एक अतिशय छोटा ठोका देतं. मधल्या वेळात हात सुटतो. लाइनीचा २३० व्होल्टचा प्रवाह अखंड असतो, स्नायू आखडतात, तार सुटत नाही. तेव्हा ‘करंट’ आणि ‘झटका’ वेगळे लिहा. अशा करंटने माणूस मेला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (हयगयीने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत कैद) लागतं. जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असं दिसलं तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीजचोरी वेगळी.

आणखी एक
‘बोर बुजवला’ हेही सैल वापरतात. तोंडावर दगड किंवा पोतं ठेवणं म्हणजे बुजवणं नव्हे. ते धड झाकणंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सूचनांप्रमाणे खोदण्याआधी १५ दिवस प्रशासनाला कळवायचं, काम चालू असताना भोवती काटेरी तार आणि फलक लावायचा, केसिंगभोवती (बोरच्या पाइपाभोवती) ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा बांधायचा (निम्मी उंची जमिनीखाली), आणि तोंडावर वेल्ड केलेलं किंवा बोल्टने आवळलेलं झाकण बसवायचं. सोडून दिलेला बोर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, गोट्यांनी भरला तरच ‘बुजवला’.

शेवटचं
‘मदत’ आणि ‘भरपाई’सुद्धा वेगळे लिहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूनंतर मिळणारे २ लाख हे सानुग्रह अनुदान, सरकारचं. चूक कोणाची ते तिथे ठरत नाही. नुकसानभरपाई चुकणाऱ्याकडून. मृत्यू झाला असेल तर १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली दावा २ वर्षांत लावावा लागतो. ‘मोबदला’ संपादित जमिनीसाठीच ठेवा.

उपप्रश्न
आणि ‘अपघातास मालक जबाबदार नाही’ ही पाटी?

उत्तर
तिने विहिरीला कठडा येत नाही. धोका मालकाला आधीच ठाऊक होता, एवढं मात्र ती पाटी समोरच्या वकिलाला आयतं लिहून देते.