मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी सांभाळताय? तुमचे अनुभव इथे लिहा

दादर. प्रीमियर पद्मिनी, १९८६

बाबांची पद्मिनी आता माझ्याकडे आलीये. दुधाळ रंग, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे एकच सलग सीट. बाबांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता आणि गाडी आली तेव्हा मी चालायला लागलो होतो, असं आई सांगते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तोपर्यंत दर रविवारी सकाळी खाली उतरून ते गाडी चालू करायचे, हिंदू कॉलनीतून टिळक ब्रिजवरून शिवाजी पार्कला एक चक्कर मारायचे, मी कधी सोबत जायचो, बहुतेक वेळा झोपलेलो असायचो. ते गेल्यावर आठ महिने कुणी गाडीला हात लावला नाही. मग एक दिवस बॅटरी नवीन टाकली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर साफ करून घेतला आणि गाडी चालू झाली. तेव्हा ठरवलं की ही ठेवायची.

२०२६ मध्ये रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण आहे. दर पाच वर्षांनी करावं लागतं ते. आधी ६०० रुपयांत व्हायचं, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि आता वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० भरावे लागतात, शिवाय पर्यावरण कर वेगळा आणि नवी हाय सिक्युरिटी (एचएसआरपी) नंबरप्लेट. दादा म्हणतो भंगारात दे. मी देणार नाहीये, त्यामुळे कृपया "विकून टाका" असं लिहू नका.

मला खरी मदत हवीये ती मागच्या बाजूची. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की खालून टक असा आवाज येतो, आणि पन्नासच्या पुढे गेलं की मागून घुंघुं सुरू होतं. आमच्या जवळच्या गॅरेजवाल्या मुलाने खाली वाकून पाहिलं आणि "सर हा मोठा दांडा कसला" असं विचारलं. त्याचा दोष नाही, त्याने जन्मात प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा, असलेली कार उघडलेली नाही, मारुती ८०० आल्यापासून बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवरच चालतात. तर ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत किंवा होत्या, पद्मिनी, अँबेसेडर, कॉन्टेसा, प्रीमियर ११८ एनई काहीही, त्यांनी लिहा. काय बिघडतं, कसं ओळखता, पार्ट कुठे मिळतात, कोण काम करतं.

कुर्ला. पद्मिनी, १९९२

दादरवाले, टक आवाजाचं आधी सांगतो. तो बहुतेक क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या फिरत्या सांध्याचा आहे. मागची चाकं उचलून खाली घोड्या लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली अजिबात जाऊ नका, शाफ्ट हाताने धरून इकडे तिकडे फिरवा, क्रॉसमध्ये खेळ असेल तर हाताला कळतो. तिथेच मध्यभागी सेंटर बेअरिंग आहे, शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो ना, त्याचं रबर सुकून फाटतं मग शाफ्ट खाली लोंबतो आणि थरथर येते. ते बदलायला अर्धा दिवस लागतो, फक्त शाफ्ट काढायच्या आधी जोडावर खडूने खूण करा आणि बसवताना तशीच जुळवा, नाहीतर नवीन बेअरिंग टाकूनही गाडी थरथरते आणि मग माणूस उगाच टायर बॅलन्सिंग करत बसतो.

घुंघुंचं थोडं अवघड आहे. साठला जाऊन अॅक्सिलरेटर सोडून बघा. पाय उचलल्यावर आवाज बदलला किंवा थांबला तर डिफरन्शियलमधली (मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी) पिनियन बेअरिंग. तसाच राहिला तर चाकाची बेअरिंग. आधी डिफरन्शियलचं तेल तर बघा, ९० नंबरचं गिअर ऑइल असतं, कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी झाकण उघडलेलं नसतं. तेल चहासारखं दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय. मुंबईत हे हमखास होतं, चालून गरम झालेलं हाउसिंग तुंबलेल्या पाण्यात शिरलं की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी मी तेल बदलतो, मगच गाडीची पूजा.

माझे वडील इथेच प्रीमियरच्या कारखान्यात होते, वालचंद हिराचंदांनी उभा केलेला. आता कारखाना नाही, रस्त्याला प्रीमियर रोड म्हणतात तेवढं राहिलंय. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, आमच्या गल्लीत कमरेच्या वर पाणी होतं आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. शेजारची नवीन गाडी तशी उचलून नेली ती परत आलीच नाही. आम्ही वडिलांच्या सांगण्यावरून सेल (स्टार्टर) मारलाच नाही. प्लग काढले, आतलं पाणी उडवलं, इंजिन गिअरबॉक्स डिफरन्शियल तिन्हीचं तेल दोनदा बदललं, प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर सोडवून गॅसवर तवा ठेवून त्याच्या उबेला सुकवला, ब्रेकचे चारही ड्रम उघडून धुतले. चौथ्या दिवशी चालू झाली. सीटचा वास मात्र दिवाळीपर्यंत गेला नाही.

मुलुंड. कॉन्टेसा १.८, १९९५

माझी इसुझू इंजिनवाली, पाच गिअर. इंजिनाबद्दल मला काही म्हणायचं नाही कारण ते काही मागतच नाही, वेळेवर तेल आणि टायमिंग बेल्ट, बास. मी चालवण्याबद्दल लिहितो कारण नवीन मुलं या गाड्या घेतात आणि पहिल्या पावसात फसतात. मागच्या चाकांना जोर आणि मागे वजन कमी, डिकी रिकामी, त्यात जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं वर्षभराचं तेल वर येतं, तेव्हा वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त पाय दिला की मागचा भाग बाहेर सरकतो. माझा चेकनाक्याजवळ सरकला होता, बायको शेजारी होती, मी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्यात अख्खी आडवी फिरली, नशीब मागे कुणी नव्हतं. ब्रेक नाही दाबायचा. पाय हळू उचलायचा आणि मागचा भाग जिकडे चाललाय तिकडेच स्टिअरिंग द्यायचं. हे मी नंतर पहाटे एका रिकाम्या मैदानात मुद्दाम करून शिकलो, प्रत्येकाने शिकावं. मागचे टायर कधीही गुळगुळीत ठेवू नका, नवीन दोनच घेणार असाल तर ते मागे टाका.

बाकी माझा खरा शत्रू गंज. काचेच्या खालची पट्टी, चाकांच्या कमानी, दाराचा तळ. आणि पुढची काच फुटली तर काय करणार याचा विचार आजच करा. माझी दगड लागून तडकली, चार महिने शोधली, शेवटी नाशिकला एक जण कॉन्टेसा मोडत होता त्याच्याकडून आणली, गोधडीत गुंडाळून, कसारा घाटात मी पन्नासदा मागे वळून बघितलं असेल.

बोरिवली. ११८ एनई, १९९१

थोडक्यात लिहितो. बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निस्सानचं ए१२, ११७१ सीसी. हे इंजिन जगभर चालल्यामुळे गॅस्केट, वॉटर पंप, पिस्टन रिंग बाहेरून कुरिअरने येतात. उलट दाराचं हँडल, डॅशबोर्डची झाकणं, मागच्या दिव्याची काच हे कुठेच मिळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की इंजिन खराब पण बॉडी आणि आतलं सामान पूर्ण असलेली गाडी घ्या, उलटी घेऊ नका.

लालबाग. पद्मिनी, १९९७

माझ्या वडिलांनी बावीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, १९९१ ते २०१३. आधी पेट्रोल, मग डिकीत सीएनजीची टाकी. त्या टाकीचं वजन, वर चार पॅसेंजर आणि कॅरिअरवर सामान, म्हणून सगळे टॅक्सीवाले मागच्या पाट्यांत एक जादा पाटा टाकायचे. खाजगी गाडी घेताना जरूर बघा, कुणी टॅक्सीच्या सामानातून जादा पाटा टाकला असेल तर रिकामी गाडी मागून खूप आपटते.

२०१३ ला गाडी भंगारात गेली तेव्हा वडील सोबत गेले नाहीत, मला पाठवलं. मग ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही, शेवटची २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्या दिवशी वडील पेपर घेऊन बराच वेळ बसले होते. पुढच्या वर्षी मी ही १९९७ ची खाजगी गाडी घेतली. वडील आता ७४ चे आहेत. गाडी आणली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, बॉनेट उघडायला सांगितलं, चालू करायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले तिसऱ्या नंबरचा टॅपेट सैल आहे. उघडून बघितलं तर तिसऱ्याचाच होता.

त्यांच्याकडून शिकलेलं लिहितो. एप्रिल मे मध्ये ट्रॅफिकमध्ये गाडी अचानक बंद पडते आणि चालू होत नाही, लोकांना वाटतं पंप गेला. पंप गेलेला नसतो, इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते. ओलं फडकं पंपावर ठेवा, दहा मिनिटं थांबा. पावसात तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक धरत नाहीत, थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा म्हणजे लायनर सुकतात, हिंदमाताला राहणाऱ्या माणसाला हे आलंच पाहिजे. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंग पिनला ग्रीस वेळेवर मारा, नाहीतर स्टिअरिंग जड होतं आणि पुढचे टायर आतून खातात.

आणि आता नवीन त्रास २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. आमच्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगून चिकट झाल्या, त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल येतं ते बारीक भोक) अडकून गाडी मिसिंग मारायची. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या नळ्या इथेनॉल चालेल अशा टाकल्या, पंपाचा पडदा बदलला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, कार्बोरेटरला ते आपोआप कळत नाही, पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, अर्ध्या रिकाम्या टाकीत इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि खाली टाकी गंजते.

विलेपार्ले. मर्सिडीज ई २२०, १९९६

ही पुण्यात जुळणी झालेली डब्ल्यू१२४ मॉडेलची. धाग्यात बसते की नाही माहीत नव्हतं पण मागच्या चाकांवर चालते आणि जुनी आहे, म्हणून लिहितेय. मी ही सेकंडहँड छोट्या गाडीच्या किमतीत घेतली तेव्हा सासरे म्हणाले होते, घेणं सोपं आहे गं, ठेवणं बघ. बरोबर म्हणाले होते. पहिल्या वर्षी शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या रबरी चकत्या, इंजिनमधल्या वायरी (आवरण इतकं सुकलं होतं की वाकवली की गळून पडायचं), सस्पेन्शनचे बुश, सगळं बदललं. त्यानंतर पाच वर्षं मात्र तिने मला कधीही रस्त्यात उभं केलेलं नाही.

पण मला पार्टपेक्षा माणसांबद्दल लिहायचंय. एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी नेली, त्यांनी स्कॅनर लावला, काही दिसलं नाही म्हणून प्रॉब्लेमच नाही असं सांगून बिल दिलं. मग अंधेरीतले एक मिस्त्री भेटले, वय ६८. त्यांनी शेजारी बसून एक चक्कर मारली आणि फक्त पायाला लागणाऱ्या थरथरीवरून शाफ्टची पुढची चकती सांगितली. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. मी दर वेळी त्यांच्यासोबत थांबते, प्रश्न विचारते, कुठला बोल्ट किती आवळला, कुठला आधी काढला, सगळं वहीत लिहून ठेवते, फोटो काढते. पहिल्यांदा ते लाजत होते, आता स्वतःच सांगतात, "ताई हे लिहून घ्या." तिसरी वही चालू आहे. लालबागच्या दादांना विनंती, तुमच्या वडिलांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, इंजिनचा आवाज आणि त्यावर त्यांचं बोलणं. खरंच करा हे.

गिरगाव. अँबेसेडर मार्क ४, १९८९

पार्टचा काही त्रास नाही, उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत अँबेसेडर बनत होती. त्रास जागेचा. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या घरात पार्किंग नाही, अडीच वर्षं गाडी वसईला मावशीच्या अंगणात आहे. दर पंधरा दिवसांनी ट्रेनने जातो, चालू करतो, दहा किलोमीटर फिरवतो, परत कव्हर घालतो. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो, कापडी घाला. उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतो. घर २०२७ ला मिळेल म्हणतात.

लालबाग. पद्मिनी, १९९७

पार्ल्याच्या ताई, काल रेकॉर्ड केलं. चाळीस मिनिटं बोलले.

दादर. प्रीमियर पद्मिनी, १९८६

सगळ्यांचे मनापासून आभार. कुर्ल्याच्या काकांनी स्वतः फोन करून बोलावलं, गाडी त्यांच्याकडे घेऊन गेलो. क्रॉस ठीक निघाला, सेंटर बेअरिंगचं रबर पूर्ण फाटलेलं होतं. ऑपेरा हाऊसला तिसऱ्या दुकानात मिळालं, दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकत काढून दिलं. खडूची खूण मी केली. टक आवाज गेला. घुंघुं आहे अजून, अॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलतं, म्हणजे पिनियनच. डिफरन्शियलचं तेल काढलं तर काळं निघालं, पण दुधट नाही. येत्या शनिवारी काका आणि मी हाउसिंग उघडणार आहोत, फोटो टाकतो.

जमिनीचा पत्राही खालून तपासून घेतला, पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, पत्रा सडला की सगळंच गेलं. डावीकडच्या जॅकच्या जागेला दोन बोटांएवढं भोक आहे, रिपासिंगच्या आधी नवीन पत्रा वेल्ड करून घेणार. आणि एक, पुढच्या दाराच्या तिकोनी काचेचं रबर कुणाकडे आहे का? डावीकडचं. पावसात तिथूनच पाणी गळून आईच्या साडीवर पडतं.