गोशेची शंका: पांढऱ्या पेशींतलं एन्झाइम मोजायचं की थेट जीन टेस्ट?

आभाळवेडी
माझा भाचा पावणेतीन वर्षांचा आहे. प्लीहा बरीच वाढलीये, प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी कमी, हिमोग्लोबिन घसरतंय. ल्युकेमिया नाही एवढं नक्की झालं. डॉक्टरांना गोशे या आनुवंशिक आजाराची शंका आहे. फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब घेऊन केलेल्या चाचणीत बीटा-ग्लुकोसिडेज (गोशेत कमी पडणारं एन्झाइम) कमी आलं. आता शिरेतून रक्त घेऊन पांढऱ्या पेशींत तेच एन्झाइम पुन्हा मोजायचं म्हणतात. घरातल्या काहींचं मत, पुन्हा टोचण्यापेक्षा जीन टेस्ट करून मोकळे व्हा. त्यातच रक्त चढवायचंही बोलणं चाललंय. आधी काय करावं? लॅब निवडताना काय विचारावं?

परीक्षानळी
याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी: रक्त चढवायचं असेल तर सॅम्पल त्याच्या आधी काढून ठेवायला सांगा. मुलाच्या नळीत दात्याच्या पेशी नकोत. पांढऱ्या पेशींच्या बाबतीत हा घोळ त्या मानाने लवकर निवळतो, पण लाल पेशींतलं एन्झाइम मोजायचं असेल (उदा. दुधातली साखर न पचवता येणाऱ्या गॅलॅक्टोसेमिया या आजारात) तर तीन-चार महिने रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही.

थेंबाची चाचणी ही चाळणी चाचणी आहे. कागद नीट वाळला नाही, दमट-गरम जागी राहिला, तरी एन्झाइम कमी दिसतं. शिवाय तिथे हिशेब रक्ताच्या आकारमानावर असतो. तुमच्या भाच्याच्या पांढऱ्या पेशीच कमी आहेत, म्हणजे थेंबात पेशी कमी, म्हणून एन्झाइमही कमी, असंही असू शकतं. पेशी वेगळ्या काढून केलेल्या चाचणीत ही अडचण येत नाही. लाल पेशी खाली बसवतात, उरलेल्या लाल पेशी फोडून टाकतात, पांढऱ्या पेशींचा अर्क काढतात आणि त्यातलं प्रथिन मोजतात. मग एक कृत्रिम द्रव्य घालतात. एन्झाइमने ते तोडलं की चमकणारा रेणू सुटतो, ती चमक मोजायची. उत्तर 'दर तासाला, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे इतके नॅनोमोल' असं येतं. गोशेत ते बहुधा निरोगी सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत असतं. मात्र आकडा किती खाली आहे यावरून आजार किती तीव्र हे ठरत नाही.

लॅबला विचारायचं ते एवढंच, की त्याच सॅम्पलमध्ये दुसरं एखादं एन्झाइम मोजता का? दोन्ही कमी आली तर आजारापेक्षा सॅम्पल खराब झाल्याची शक्यता जास्त. हे उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसरी लॅब बघा. नळी हेपॅरिनची की ईडीटीएची (रक्ताची गुठळी होऊ न देणारी द्रव्यं) हे लॅबच सांगेल. रक्त फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही आणि सुट्टीत कुरियरमध्ये अडकू द्यायचं नाही. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका, पद्धत बदलली की आकडा बदलतो.

रात्रपाळी
वरच्या प्रतिसादाला +१. 'थेट जीन टेस्ट'बद्दल: गोशेच्या जीबीए१ जनुकाशेजारी त्याच्यासारखंच दिसणारं एक निकामी जनुक आहे. साध्या पॅनेलमध्ये (एकाच वेळी अनेक जनुकं तपासणाऱ्या चाचणीत) दोघांची गल्लत होते. शिवाय 'अर्थ अनिश्चित' असा बदल सापडला तर एन्झाइमकडेच परत यावं लागतं. म्हणून आधी एन्झाइम, मग जीन. जीन टेस्ट टाळू मात्र नका. एन३७०एस हा बदल या जनुकाच्या दोनपैकी एका जरी प्रतीत असला तरी मेंदूवर परिणाम करणारा प्रकार सहसा नसतो, आणि हे एन्झाइमचा आकडा सांगू शकत नाही.

डॉक्टर कायटोट्रायोसिडेज या रक्तातल्या आणखी एका एन्झाइमची चाचणीही करायला सांगतील. गोशेत ते खूप वाढतं. पण साधारण ६ टक्के लोकांत ते जन्मतःच नसतं, त्यामुळे शून्य आलं म्हणून गोशे नाही असं समजू नका.

मुंगीचं_पाऊल
आमच्या मुलीला पॉम्पे (असाच एन्झाइमच्या कमतरतेचा आनुवंशिक आजार) आहे. गोशेला लागू नाही, पण धागा शोधत येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. पॉम्पेच्या चाचणीतलं द्रव्य तोडणारं दुसरंही एन्झाइम पांढऱ्या पेशींत असतं, ते दाबायला अकार्बोज हे औषध घालतात. आमचा पहिला रिपोर्ट त्याशिवाय केलेला निघाला आणि 'नॉर्मल' आला होता. रिपोर्टवर पद्धत लिहून मागा.

नवाकोरा
अवांतर प्रश्न: मग सगळेच आनुवंशिक आजार असे रक्तपेशींतून का नाही कळत?

रात्रपाळी
एन्झाइम त्या पेशींत असायला हवं ना! फिनाइलकीटोनुरिया या आजारातलं एन्झाइम यकृतात असतं, तिथे रक्तातलं फिनाइलअॅलनिन बघतात. असलं तरी वेळ साधावी लागते. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता लाल पेशींत मोजतात, पण पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तर रक्तात नव्या पेशी जास्त असतात, त्यांच्यात एन्झाइम भरपूर, आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. फॅब्री या आनुवंशिक आजारात बायकांचं एन्झाइम नॉर्मल येऊनही आजार असू शकतो. उलटही होतं: अॅरिलसल्फटेज-ए (मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी या मेंदूच्या आजारात कमी असणारं एन्झाइम) खूप कमी असलेली माणसं ठणठणीत सापडतात, म्हणून तिथे लघवीतले सल्फटाइड्स (त्या आजारात साठणारे पदार्थ) बघितल्याशिवाय निदान करत नाहीत.

आभाळवेडी
सॅम्पल रक्त चढवायच्या आधीच घ्यायचं ठरलं, डॉक्टर लगेच तयार झाले. अजून एक. ताईला दुसरं मूल हवंय. तिचं आणि भाऊजींचं एन्झाइम मोजून ते वाहक आहेत का कळेल?

परीक्षानळी
खात्रीने नाही. वाहकांचे आणि निरोगी लोकांचे आकडे एकमेकांत मिसळतात. तुमच्या भाच्यात जे दोन बदल सापडतील तेच आईवडिलांत शोधायचे. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक गर्भाला २५ टक्के धोका असतो, आणि बदल माहीत असले तर गर्भजल किंवा वारेच्या नमुन्यातून तपासता येतं. म्हणून ताईंना सांगा, भाच्याचा जीन रिपोर्ट हातात आल्यावरच पुढचं ठरवा, आणि त्याआधी जनुकीय समुपदेशकाची वेळ घेऊन ठेवा.