सोनोग्राफीत स्नायूची ग्रेड २ वरून ३ झाली, म्हणजे आजार वाढला का?

सोलापूरचा_मामा
नमस्कार मंडळी. माझा भाचा ७ वर्षांचा, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आनुवंशिक आजार) आहे, जीन टेस्टमध्ये डिलीशन म्हणजे जीनचा तुकडा गहाळ सापडलाय त्यामुळे निदानाबद्दल शंका नाही. हिवाळ्यात इथेच मांडी आणि पोटरीची सोनोग्राफी केली तेव्हा रिपोर्टात हेकमॅट ग्रेड २ होतं, आता पुण्याला दुसऱ्या सेंटरमध्ये केली तर ग्रेड ३ आलंय. ताई तेव्हापासून नीट जेवत नाहीये. पण पोरगं चालतंय तसंच चालतंय, जिना चढताना कठडा धरतो तर तो आधीही धरायचाच. आता आमचे एक पाहुणे आयटीत आहेत ते म्हणतायत फिल्मचे फोटो व्हॉट्सॲप करा, एआयला टाकून नेमका आकडा काढून देतो. द्यावेत का? आणि खरंच बिघडलंय का एवढं?

रेडिओ_रेसिडेंट
मामा, आधी ग्रेड काय असते ते सांगतो. हेकमॅट स्केल १९८२ चं आहे, लंडनमधल्या डॉक्टरांनी काढलेलं, आणि ते निव्वळ डोळ्यांनी बघून ठरवतात. निरोगी स्नायू सोनोवर काळपट दिसतो, मधे पांढऱ्या रेघा. डुशेनमध्ये स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू येतात, तिथून आवाजाच्या लहरी जास्त परततात म्हणून चित्र पांढरं होत जातं आणि खालच्या हाडाची रेघ पुसट होत जाते. स्नायू पांढरट पण हाड स्पष्ट म्हणजे २, हाड पुसट झालं की ३, हाड दिसेनासंच झालं की ४. आता पुसट कशाला म्हणायचं हे बघणाऱ्यावर आलं. सीमेवरची केस असेल तर एकच फिल्म दोघांना दाखवा, एक २ म्हणेल एक ३. त्यात तुमचं मशीन वेगळं, प्रोब (अंगावर टेकवतात तो भाग) वेगळा, माणूस वेगळा. त्यामुळे या दोन रिपोर्टांवरून वाढलं असं मी तरी म्हणणार नाही. वाढलं नाही असंही नाही म्हणणार, आजार पुढे जाणारा आहे हे तुम्हाला माहितीच आहे.

पिक्सेलवाला
मेडिकल इमेजिंगमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. पाहुण्यांना फोटो देऊ नका, म्हणजे दिलेत तरी बिघडणार काही नाही पण येणारा आकडा शून्य कामाचा असेल. आकडा काढतात कसा तर स्नायूच्या आतला भाग आखायचा, वरचं पांढरं आवरण सोडून, आणि त्यातल्या पिक्सेलच्या राखाडी रंगाची सरासरी, ० म्हणजे काळा २५५ म्हणजे पांढरा. पण मशीनवरचा गेन (चित्र उजळ करायचं बटण) जरा फिरवला की तोच स्नायू उजळ दिसतो, डेप्थ म्हणजे किती खोलवर बघायचं ते बदललं, प्रोब तिरका धरला तरी आकडा हलतो. एकच साडी उन्हात आणि ट्यूबलाइटखाली काढली तर रंग वेगळा येतो ना, तसंच. वर फिल्मचा मोबाईलने फोटो, त्यात खिडकीचं रिफ्लेक्शन, मग व्हॉट्सॲपचं कॉम्प्रेशन… 😅

हॉलंडला नाइमेगेनमध्ये हे शिस्तीत करतात. त्या ठराविक मशीनवर, ठरलेल्या सेटिंगला आधी निरोगी लोकांचे आकडे घेतले आणि मग पेशंट त्यांच्यापेक्षा किती लांब आहे ते झेड स्कोअरमध्ये सांगतात. मशीन बदललं की तो तक्ता तसाच्या तसा चालत नाही. एआयचं म्हणाल तर २०१७ साली जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी मायोसायटिसवर (स्नायूंना सूज येणारा आजार) डीप लर्निंग वापरून पाहिलं होतं, पेशंट आणि निरोगी मिळून ८० जण. चांगलं काम आहे पण आजार वेगळा, त्यावरून तुमच्या भाच्याचं काय कळणार.

ध्रुवची_आई
आमच्याकडेही हेच आहे, मुलगा ९ वर्षांचा. मामा, ताईंना सांगा ग्रेडकडे बघत बसू नका. आमच्या डॉक्टर दर व्हिजिटला जमिनीवरून उठायला किती सेकंद लागतात, ६ मिनिटांत किती चालतो हे बघतात आणि स्टेरॉइडचे निर्णय त्यावरच होतात. सोनोग्राफीचं एक बरंय की सुई नाही, एमआरआयसारखं त्या आवाजात निपचित पडायला लागत नाही, माझ्या मांडीवर बसून झाली. आणि ताईंची कॅरियर टेस्ट (सदोष जीन त्यांच्याकडे आहे का ते बघणारी) झालीय का? पॉझिटिव्ह असेल तर तुमच्या बाकी बहिणींनीही करून घ्यायला हवी.

सोलापूरचा_मामा
ताईची झालीय, कॅरियर आहे. धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय त्यामुळे घरात कुणी विषयच काढत नाही, पण आता बोलतो. बाकी सगळ्यांचे आभार. पाहुणे म्हणतात बाहेरून मोबाईलला लावायचा छोटा प्रोब मागवू, घरीच दर महिन्याला काढू, मशीन तेच राहील. हे चालेल का?

रेडिओ_रेसिडेंट
अजिबात नको! पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा आहे, गर्भलिंगनिदान रोखायला केलेला, पण त्यात सोनोग्राफी मशीन म्हटलं की रजिस्ट्रेशन आलंच, तुम्ही पोटरी बघा नाहीतर मान. घरी ठेवायचा विचारही करू नका. धाकट्या बहिणीला लग्नाआधीच जेनेटिक काउन्सेलरकडे न्या. आणि सोनोग्राफी पुढच्या वेळी सोलापूरच्याच सेंटरला, जमलं तर त्याच डॉक्टरांकडे करा. जुनी इमेज सोबत न्या, त्यावर डेप्थ आणि गेन बहुतेक छापलेला असतो, तेच सेटिंग ठेवा म्हणावं. प्रोब दाबू नका, सरळ धरा हे तुम्ही सांगायची गरज नाही, त्यांना कळतं. मूळ डायकॉम फाइल (मशीनमधली इमेज सेटिंगसकट जशीच्या तशी) सीडीवर मागून घ्या, नुसती फिल्म नको.

पिक्सेलवाला
+१ डायकॉमला. ती असेल तर पाहुण्यांनाही द्या खुशाल, निदान एकाच मशीनच्या दोन इमेज शेजारी ठेवून बघतील.