अनुभव धागा : वाडीवरची मुले इंजिनिअरिंगपर्यंत कशी पोहोचतात?

कर्नाटकातील खानापूर, हल्याळ आणि जोयडा तालुक्यांच्या जंगलपट्टीत सिद्दी, गवळी धनगर आणि कुणबी समाजाच्या वाड्या आहेत. खानापूर बाजूच्या बऱ्याच मुलांचे शालेय शिक्षण मराठीतून होते. बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, तेथील उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप आहेत, तरीही या वाड्यांतील हुशार मूल दहावीनंतर गोव्याला कामाला जाते किंवा जवळ मिळेल त्या शाखेत नाव घालते. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिले. ज्यांनी एखाद्या मुलाला या वाटेवर सोबत केली, किंवा जे स्वतः ही वाट चालले, त्यांनी येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. ‘खूप शिका’ असे आपण सर्वच सांगतो. प्रत्यक्षात काय केले, ते लिहावे.

सुरुवात मीच करतो. दहावीला त्रिकोणमिती शिकवताना मी कॅसल रॉक ते कुळे हा रेल्वेचा घाट फळ्यावर काढत असे. या घाटात चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर अंतरात रूळ एक मीटर चढतो, आणि एवढ्याशा चढासाठी मालगाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. एका वर्षी गवळीवाड्यावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मग आमची पाऊलवाट कितीला एक चढते?” तो रोज त्याच वाटेने म्हशी घेऊन जात असे. आम्ही गवंड्याकडची पातळी पाहायची पाण्याची नळी मागून आणली, दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारल्या आणि रविवारी वाट मोजली. उत्तर साधारण ६ ला १ आले. त्या दिवसापर्यंत वर्गात मागच्या बाकावर बसणारा हा मुलगा सोमवारी स्वतः फळ्याकडे आला. पुढे त्याने इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला. मी त्याला करिअरविषयी एक शब्दही सांगितला नव्हता.
— निवृत्त गणित शिक्षक, खानापूर तालुका

सरांनी आग्रह केला म्हणून लिहिते. आमचे गाव भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आहे. पावसाळ्यात नाल्यावर सांकव घातल्याशिवाय आम्हाला शाळेला जाता येत नसे. माझे आजोबा दर वर्षी तो सांकव घालत. ओंडका ठेवताना त्याची नैसर्गिक बाक असलेली पाठ वर येईल अशी ते काळजी घेत, आणि मधोमध एकाच वेळी दोन माणसांना उभे राहू देत नसत. कारण विचारले की, “मधेच मोडतं, बाळ,” एवढेच म्हणत. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला तुळईचे वाकणे शिकवले गेले. दोन टोकांना टेकलेल्या तुळईच्या मधोमध भार आला की वाकविणारा जोर तेथेच सर्वांत जास्त असतो आणि खालची बाजू ताणली जाते, हे वाचताना मला आजोबांचा हात दिसत होता. माझ्या वर्गात शहरातील चाळीस मुले होती, पण पूल स्वतः बांधताना पाहिलेली बहुधा मी एकटीच होते. दुःख एवढेच की हे मला शाळेत कोणी सांगितले नाही. ‘तुझे आजोबा करतात ते इंजिनिअरिंग आहे’ असे आठवीत कोणी म्हणाले असते, तर बारावीपर्यंत मनात असलेली भीती कितीतरी आधी गेली असती. आता मी सुट्टीत गावी गेले की शाळेत जाते, मुलांना घेऊन त्याच नाल्यावर जाते आणि ओंडक्याची पाठ कोणती हे त्यांनाच शोधायला सांगते.
— सिव्हिल इंजिनिअर, सध्या हुबळी

मी सिद्दी समाजाचा आहे आणि मला कागदांविषयी लिहायचे आहे, कारण आमच्या घरात बुद्धीची नव्हे, कागदाची अडचण झाली. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीच्या यादीत घेतले गेले. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा समावेश व्हायला २०२० साल उजाडले. आमची उत्तर कन्नडातील हल्याळची मावसबहीण आणि माझी ताई एकाच वयाच्या, दोघी गणितात सारख्याच. मावसबहिणीला जमातीचा दाखला मिळाला, ताईला मिळाला नाही, कारण मधे जिल्ह्याची हद्द होती. ताई बी.ए. झाली. माझ्या वेळी कायदा बदललेला होता, आणि ताईनेच नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) चार फेऱ्या घालून माझा जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढला. गावाकडच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्रवेशासाठी त्या दाखल्यावरचा आर.डी. क्रमांक लागतो, आणि आधार, दहावीची गुणपत्रिका व दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग जुळले नाही तर ऐन प्रवेशफेऱ्यांच्या काळात धावपळ होते. माझ्या आडनावातील एका अक्षरामुळे आमचा पूर्ण आठवडा गेला. हे काम नववीत करून ठेवावे. पहिली ते दहावी ग्रामीण शाळेत शिकलेल्यांसाठी १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे. त्याला शाळेचे माध्यम आड येत नाही, मात्र प्रमाणपत्रावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. कन्नड माध्यमासाठीचे ५ टक्के आपल्या मराठी शाळांतील मुलांना मिळत नाहीत, म्हणून ही ग्रामीण सवलत हातची जाऊ देणे फार महागात पडते. राज्यात अनुसूचित जमातीचे आरक्षण २०२२ साली ३ टक्क्यांवरून ७ टक्के झाले, ही गोष्टही आमच्या वाडीत मी सांगेपर्यंत कोणाला ठाऊक नव्हती.
— मेकॅनिकल, तिसरे वर्ष

वरील अनुभव वाचून मनापासून सांगावेसे वाटते की कुणबी आणि गवळी धनगर समाजाच्या मुलांसाठी जमातीच्या दाखल्याचा हा मार्ग आजही खुला नाही. यादीत समावेश व्हावा ही त्यांची मागणी अनेक वर्षांची आहे. माझ्या वर्गातील ज्या मुलांना जंगलाने सारखेच वाढवले, त्यांना फॉर्म भरताना मी वेगवेगळ्या रांगांत उभे करतो, आणि ते मला बोचते.
— माध्यमिक शिक्षक, जोयडा

पी.यू.च्या (पदवीपूर्व, म्हणजे अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षात मुले गळतात ती विज्ञान न कळल्यामुळे नव्हे, हे मी पंधरा वर्षे पाहते आहे. मराठी शाळेत ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘अपवर्तन’ नीट समजलेली मुलगी अकरावीत ‘ॲक्सिलरेशन’ ऐकून गप्प बसते. ती गप्प बसली की शिकवणाऱ्यांना वाटते, हिला काही येत नाही. एकदा जंगलभागातून आलेल्या एका मुलीने चाचणीत कोरा पेपर दिला. मी तिला बाजूला बसवून तोच प्रश्न मराठीत विचारला, तेव्हा तिने उत्तर तर दिलेच, वर माझ्या आकृतीतील चूकही दाखवली. तेव्हापासून मी जून महिन्यात तीन आठवडे एक वही करून घेते. डाव्या पानावर मराठी शब्द आणि मुलाने स्वतः काढलेली आकृती असते, उजव्या पानावर इंग्रजी शब्द देवनागरीत आणि नंतर रोमन लिपीत लिहिलेला असतो. साधारण तीनशे शब्द होतात. ही वही मी छापून देत नाही, मुलांनीच लिहायची असते, कारण हाताने लिहिलेला शब्द त्यांचा होतो. दिवाळीपर्यंत वही उघडण्याची गरज उरत नाही. सी.ई.टी.त (प्रवेश परीक्षेत) चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही पहिल्याच आठवड्यात सांगावे लागते. ही मुले इतकी प्रामाणिक असतात की खात्री नसलेला प्रश्न कोरा सोडतात.
— भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, पदवीपूर्व महाविद्यालय

उद्यमबागेत माझी लहान फाउंड्री आहे. दर मे महिन्यात मी नववी-दहावीच्या मुलांना दोन दिवस बोलावतो. रस गार होताना बीड (ओतीव लोखंड) आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात तो नमुना, मीटरला सुमारे दहा मिलीमीटर मोठा करावा लागतो, हे मी सांगितल्यावर एका सिद्दी मुलाने खिशातील पट्टी काढून पॅटर्न आणि तयार कास्टिंग दोन्ही मोजून पाहिली. माझे म्हणणे त्याने पडताळून घेतले, याचा मला फार आनंद झाला. उद्योजकांनी भाषणांना जाऊ नये असे मी म्हणत नाही, पण मुलांना शॉपमध्ये आणावे. जाण्यायेण्याचे भाडे आणि दुपारचे जेवण आपण द्यावे, कारण बहुतेक वेळा तेवढ्यावरच येणे अडते.
— फाउंड्री व्यावसायिक, बेळगाव

मी स्वतः शिकलेली नाही, माझी मुलगी हे लिहून घेत आहे. तिला इंजिनिअरिंगला पाठवताना मला खर्चापेक्षा होस्टेलची भीती जास्त होती. तिच्या शाळेच्या बाई माझ्याबरोबर बसने आल्या, खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिले, वॉर्डनबाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये घातला. बाई आल्या नसत्या तर मी मुलीला सोडले नसते.
— एक आई, कणकुंबी परिसर

प्रवेश मिळाला की आपले काम संपले असे गावात सर्वांना वाटते, म्हणून हे लिहीत आहे. पहिल्या सेमिस्टरला माझे गणित आणि ड्रॉइंग दोन्ही राहिले. वर्गात आमच्या भागातील मी एकटाच होतो, आणि ‘कोट्यातून आला’ असे कुजबुजणे कानावर येत असे. दोन महिने मी घरी खोटे सांगत होतो. शेवटी शाळेतील सरांना फोन केला. ते रागावले नाहीत. त्यांनी त्याच महाविद्यालयातील, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या आमच्या तालुक्यातील एका दादाचा नंबर दिला. दादाने ड्रॉइंग बोर्डवर शेजारी बसून मला दृश्य कसे फिरवायचे ते शिकवले. साबणाची वडी कापून तो तिच्या तीन बाजू दाखवत असे. दोन्ही विषय पुढच्या वेळी सुटले. सध्या पहिल्या वर्षाला आमच्या पट्ट्यातील तीन मुले आहेत, आणि शनिवारी संध्याकाळी ती माझ्या खोलीवर येतात. साबण मी आणून ठेवतो.
— इलेक्ट्रॉनिक्स, अंतिम वर्ष