'मोदे अनी' : आभार की कबुली?

प्रश्न : हिब्रूत 'तोदा' म्हणजे धन्यवाद. मग ज्यू लोक सकाळी डोळे उघडताच 'मोदे अनी' म्हणतात, त्याचा अर्थ 'मी आभारी आहे' असाच ना? एके ठिकाणी 'मी कबूल करतो' असंही वाचलं.

— दोन्ही बरोबर. 'मोदे'चं मूळ क्रियापद 'लेहोदोत', म्हणजे मान्य करणे आणि आभार मानणेही. इस्रायलच्या कोर्टात आरोपीने गुन्हा कबूल केला की 'मोदे बेअश्मा' म्हणतात. तिथला 'मोदे' आणि अंथरुणातला 'मोदे' एकच. 'तोदा' हे त्याच धातूचं नाम. याकोबाची बायको लेआ, तिच्या चौथ्या मुलाचं 'येहुदा' हे नावही बायबलात याच धातूशी जोडलंय, म्हणजे आपल्या 'यहुदी' शब्दातही तो आहेच.

आपल्याकडे यासाठी 'मानणे' आयतं आहे. हार मानतो, उपकार मानतो, आभारही मानतोच. त्यामुळे 'धन्यवाद'ला हात न लावता मी भाषांतर असं करीन :

मोदे अनी लेफानेखा, मेलेख खाय वेकायाम, शेहेखेझार्ता बी निश्माती बेखेमला, राबा एमुनातेखा.

मानतो मी तुझ्यापुढे, हे जित्या-जागत्या, अढळ राजा, की करुणेने माझा जीव माझ्यात परत घातलास. थोर तुझी निष्ठा.

अख्खी प्रार्थना एवढीच. शेवटचे दोन शब्द बायबलातल्या 'विलापगीत' या पुस्तकातले (३:२३). 'एमुना'चं भाषांतर सर्रास 'श्रद्धा' असं करतात, ते इथे गंडतं. ही देवाची एमुना आहे. रात्री ठेवायला दिलेला जीव सकाळी चोख परत करणाऱ्याचा विश्वासूपणा. तिथे 'श्रद्धा' कुणाची कुणावर?

आणखी एक. यात देवाचं नाव कुठेच नाही, नुसता 'राजा'. झोपेतून उठल्यावर विधिपूर्वक हात धुतल्याखेरीज नाव घ्यायचं नाही, म्हणून ही सोय. हात धुण्याआधी, अंथरुणातच म्हणता येते. 'एलोहाय नेशामा' या सकाळच्याच दुसऱ्या प्रार्थनेत मात्र नाव आहे. ती जुनी, तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथातली. 'मोदे अनी' बरीच अलीकडची : गालीलमधल्या सफेद या गावच्या मोशे बेन माखिर यांच्या 'सेदेर हायोम' या १५९९च्या पुस्तकात ती प्रथम दिसते.

प्रश्न : बायका काय म्हणतात? आणि नुसतं 'सुप्रभात' म्हणायचं तर?

— बायका 'मोदा अनी' म्हणतात, म्हणजे 'मानते मी'. जुन्या वळणाच्या काही घरांत त्याही 'मोदे'च म्हणतात. हिब्रूत समोरच्याचं लिंगही पाहावं लागतं : 'कसा आहेस?' असं पुरुषाला विचारताना 'मा श्लोम्खा?', बाईला 'मा श्लोमेख?' यातला 'शालोम' म्हणजे आपलं क्षेम, 'शांतता' नव्हे. उत्तरात धार्मिक माणूस 'बारुख हाशेम' म्हणेल. 'बारुख' म्हणजे धन्य, 'हाशेम' म्हणजे 'ते नाव'. इथेही नाव टाळलेलंच! तरुण पोरं 'सबाबा', म्हणजे 'मस्त', म्हणून मोकळी होतात, तो शब्द अरबीतून आलाय.

सुप्रभात म्हणजे 'बोकेर तोव'. त्यावर पुन्हा 'बोकेर तोव' म्हटलं तरी चालतं, पण 'बोकेर ओर', म्हणजे 'उजेडाची सकाळ', जास्त झकास. 'तोदा' म्हटल्यावर 'बेवाकाशा' येईल. तोच शब्द 'कृपया'लाही चालतो, तेव्हा दचकू नका.